दोन शिळा

"आत शिरल्यावर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाय," भुयाराच्या तोंडाशी चपला काढता काढता कडूबाने बजावलं. "आतलं ऐकतंय."

"मला शिकवतो व्हय?" सूर्यभान म्हणाला. "एक शीळ म्हंजी ये, दोन म्हंजी थांब."

बिरूने मान डोलावली. त्याने हे सगळं दोघांच्या ओठांवरून ओळखलं होतं.

अजिंठ्याच्या डोंगरातल्या या भुयारातून अलीकडून पलीकडे निघणं हा तिघांचा पोरवयातला खेळ. तेव्हा अंगाला तेल लावल्यासारखे सरकायचे. आता पन्नाशी उलटली होती. फुलंब्रीला दुधाचा धंदा करून कडूबाचं पोट सुटलं होतं, आणि 'गुडघे जायच्या आत एकदा पार निघू' ही हौसही त्याचीच. बिरूला हौस नव्हती. तो थकला होता. शहरातल्या कंपनीत पंचवीसेक वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं राहून कोण ताजातवाना राहील? आता तो प्रेस बंद झाला आणि बिरू घरी बसला. त्याला गावी येऊन सूर्यभानबरोबर मेंढरं राखायची होती. सूर्यभानची पोरं पुण्याला गाड्या चालवायला गेलेली, कळप एकट्याला आवरत नव्हता. "पार निघालो की पल्याड बसून ठरवू," असं सूर्यभान म्हणाला होता.

अडचण एकच होती. प्रेसने बिरूचे कान खाल्ले होते. जाड आवाज थोडाफार यायचा. बारीक आवाज, म्हणजे चिमणी, नातीचं रडणं, शीळ, हे गेले ते गेलेच. समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो निभावून न्यायचा. घरी बायको सारजाबाई ओरडून बोलायची, पण ती लग्नापासूनच ओरडून बोलत असल्यामुळे शेजाऱ्यांना संशय आला नाही. मित्रांना त्याने सांगितलं नव्हतं. शीळ ऐकू न येणाऱ्याच्या हाती मेंढरं कोण देणार?

सूर्यभान पुढे, बिरू मधे, कडूबा मागे. आधी ओणवं, मग रांगत, मग पोटावर. वटवाघळांचा वास नाकात बसला, कोपरं सोलून निघाली. बिरूने नजर सूर्यभानच्या बॅटरीवर ठेवली होती. उजेड पुढे सरकला की हा सरकायचा. निम्म्याच्या वर भुयार असंच निभलं. मग वाट वळून उभी चढली, सूर्यभान वर गेला आणि उजेड दिसेनासा झाला.

बिरू थांबला. आता शीळ येईल. बहुतेक आलीच असेल. फार वेळ पडून राहिलो तर यांना कळेल, या एका धास्तीने तो पुढे सरकला.

कडूबाने मागून त्याचा घोटा करकचून धरला आणि ओढला. तेवढ्यात डोक्याएवढा धोंडा वरून येऊन बिरूच्या हातांपुढे आदळला. तोंडात माती गेली.

सूर्यभान घाईघाईने खाली उतरला. हातातली बॅटरी उलटी होऊन उजेड त्याच्याच तोंडावर पडला होता, त्यामुळे बिरूला ओठ दिसले. "धोंडा निसटला म्हणून दोन शिळा घातल्या. कामून पुढं आलास?"

"ध्यान नव्हतं," बिरू म्हणाला. "तू लई वर व्हतास. हितून घाल, बघ ऐकू येती का नाय."

सूर्यभानने बॅटरी बिरूच्या चेहऱ्यावर वळवली. पलीकडे सगळा अंधार. बिरू वाट बघत राहिला.

"घाल की," तो म्हणाला.

शीळ केव्हाच घालून झाली होती.

"कधीपासून, बिरू?" कडूबाने विचारलं. त्याचा आवाज जाड, तो ऐकू आला. भुयारात त्याने चक्क नाव घेतलं होतं.

"लई वर्सं झाली." एवढं सांगितल्यावर बिरूला लाज वाटली, आणि असा थकवा आला की तिथंच झोपून जावंसं वाटलं.

पलीकडच्या उतारावर सूर्यभानची बायको आक्काबाई मेंढरं राखत बसली होती. तिने सोडलेली भाकरी तिघांनी खाल्ली. मग सूर्यभान मुद्दाम उठून बिरूच्या समोर येऊन बसला आणि सावकाश बोलू लागला.

"लांडगा आला, कोकरू दरीत वरडलं, तर तुला कळायचं नाय. मेंढरं जातील, येखाद्या दिवशी तू बी जाशील. मी नाय घेत तुला. राग धरायचा तर धर."

"राग कशाचा?" बिरू म्हणाला. त्याला राग आलाच नव्हता. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते होऊन गेलं होतं, आणि उद्यापासून काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर कडूबा आक्काबाईबरोबर भांडी गोळा करू लागला. सूर्यभान खालच्या टेकाडावर पाठमोरा उभा राहिला. बिरू बसल्या जागेवरून पाहत होता. उतारावरच्या सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि कळप खाली वळला. मेंढ्या अगदी जवळ आल्या तेव्हा बिरूने पाय पोटाशी घेतले आणि त्यांना वाट करून दिली.