चौदा नंबरचा सांधा

शिंप्याच्या लेकीच्या पत्राला ग्रंथपालांनी अकरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. चार वेळा कागद पुढ्यात घेतला, चारही वेळा मायन्याच्या पुढे गाडी सरकली नाही. पत्र मात्र पाठ झालं होतं.

"पुस्तककाका, आईला काचबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख तिने रद्द केली, कारण बाबा 'नको' म्हणाले. बाबांना जाऊन सहा महिने झाले, हे तुम्हाला मी काय सांगणार! ते आता टेबलावरच्या रेल्वेच्या सांध्यातून बोलतात म्हणे. दुसरी तारीख महिनाअखेरच्या सोमवारची आहे. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मला इथून रजा मिळत नाही. तो सांधा तुम्हीच जोडलात ना? मग जाऊन बघा."

त्या प्रश्नापाशीच ते अडले होते. शिंप्याने दुकानामागच्या खोलीत वीस वर्षं खपून टेबलावर रेल्वे उभी केली होती. कोटाच्या अस्तराचे डोंगर, बटणांचे सिग्नल, आणि अलीकडे सगळा कारभार कम्प्युटरच्या हाती. शिंपी तारा जोडून डाख द्यायचा, ग्रंथपाल माहितीपुस्तकं वाचून दाखवायचे. शेवटचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सरकता तुकडा, ग्रंथपालांनी एकट्याने बसवला. शिंपी तेव्हा दवाखान्यात होता. ग्रंथपालांनी आयुष्यात हाताने केलेलं हे एवढंच काम, आणि नेमकं त्यालाच भूत लागलं.

शनिवारी दुपारी ते गेले. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. इस्त्रीवाला, शेजारीणबाई, टपालखात्यातले एक निवृत्त साहेब, सगळे चपला काढून उभे. कम्प्युटरच्या पडद्यावर फडकं टाकलेलं. टेबलाशी शिंप्याच्या बायकोशेजारी लहरीबाबा बसले होते. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत. दुरुस्त झालेला रेडिओ कुणाच्या आठवणीत नव्हता.

"वहिनींच्या डोळ्यांत आपलं लहरीजल चालू ठेवायचं का?" बाबांनी डोळे मिटून विचारलं. "डावीकडे हो, उजवीकडे नाही. मालगाडी चालू राहू द्या. गतीशिवाय लहर नाही!"

मालगाडी डोंगराच्या बोगद्यात शिरली. टक! सांधा उजवीकडे सरकला.

"ही लहर प्रश्नाची नव्हे," बाबा शांतपणे म्हणाले. "ही नमस्काराची."

दीड मिनिटाने मालगाडी पुन्हा बोगद्यात. टक! डावीकडे.

"हो म्हणाले!" शेजारीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

ग्रंथपालांनी कान टवकारले होते. टक एक नव्हतं, दोन होती. एक समोर, एक डोंगराच्या पोटात. त्यांनी घड्याळ काढलं, आणखी तीन फेऱ्या मोजल्या.

"आता डावीकडे सरकेल," ते म्हणाले.

टक. डावीकडे.

"आता उजवीकडे."

टक. उजवीकडे.

"अगबाई, काकांनाही सिद्धी आली!" म्हणत शेजारीणबाई त्यांच्या पायांशी वाकल्या. ग्रंथपाल दोन पावलं मागे सरले ते इस्त्रीवाल्याच्या पायावर.

"सिद्धी नाही हो. चूक आहे. माझी."

त्यांनी अस्तराचा डोंगर अलगद उचलला. खाली आणखी एक सांधा होता.

"प्रत्येक सांध्याला एक डबी असते, डबीला नंबर. कम्प्युटर नंबर पुकारतो, ज्याचा असेल तो सांधा सरकतो. हा आतला चौदा नंबर. दोन मालगाड्या आळीपाळीने आत विसावतात, म्हणून कम्प्युटर त्याला एकदा डावीकडे सारतो, एकदा उजवीकडे. बाहेरच्या सांध्याला मी एकेचाळीस द्यायला हवा होता. डबीचं बटण दाबलं की पुढचा जो नंबर पुकारला जाईल तो ती आपला मानते. आधी कम्प्युटरवरचं गाड्यांचं वेळापत्रक थांबवायचं असतं. मी थांबवलं नाही. तेवढ्यात मालगाडी आली, चौदा पुकारला गेला, डबीने तोच घेतला."

"शास्त्राला जिथे मर्यादा—" लहरीबाबांनी सुरुवात केली.

"वेळापत्रक थांबवतो," ग्रंथपाल फडकं काढत म्हणाले. "मग विचारा."

गाड्या थांबल्या. बाबांनी विचारलं. पाच मिनिटं गेली. सांधा ढिम्म.

"रागावले ते," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मालगाडी बघून प्रश्न विचारत होतात की काय?" इस्त्रीवाल्याने विचारलं. बाबांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं. लहरीजलाची बाटली मात्र ते विसरले नाहीत.

ग्रंथपालांनी बाहेरच्या डबीचं बटण दाबलं, कम्प्युटरवरून एकेचाळीस पुकारला, मगच वेळापत्रक चालू केलं. मालगाडी बोगद्यात शिरली. टक. एकच, आतलं. बाहेरचा सांधा हलला नाही.

लोक हळूहळू पांगले. शिंप्याची बायको बसून राहिली.

"म्हणजे हे बोललेच नाहीत?"

"नाही, वहिनी."

"मग 'ऑपरेशन नको' कोण म्हणालं?"

"माझी चूक म्हणाली. आणि लहरीबाबा."

तिने सांध्यावरून बोट फिरवलं. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. चाळीस वर्षांत यांनी एका शब्दात उत्तर दिलं नाही कधी. भाजी काय आणू विचारलं तरी तासभर लागायचा." मग तिला रडू फुटलं. "पण भाऊजी, रोज दुपारी कुणीतरी उत्तर देत होतं हो."

ग्रंथपालांनी चहा टाकला, तोही उतू गेला. "सोमवारी मी बरोबर येतो," ते पातेल्याकडे बघत म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला तर रक्त बघून घेरी येते."

"दवाखान्यातच असू, सोय होईल."

तिला हसू आलं. तिने लेकीने पाठवलेला दवाखान्याचा कागद शोधून त्यांच्या हाती दिला. "लावा फोन. येते म्हणावं."

घरी येऊन त्यांनी एका बैठकीत लिहिलं.

"चि. मुली, उशिराबद्दल क्षमा कर. आई सोमवारी ऑपरेशनला जाते आहे, मी सोबत आहे. सांधा बोलत नव्हता, मी तो चुकीचा जोडला होता. सांधा बोलतो असं कानावर आलं त्याच दिवशी हे मला तपासता आलं असतं. लाजलो, म्हणून तुझ्या आईची तारीख चुकली. कुणी चमत्कार दाखवला तर तो एकदा थांबवून बघू द्या, एवढंच मागावं. खऱ्या गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही. आईला रोज दुपारी फोन करत जा. तिला उत्तर हवं असतं."

पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र आत टाकलं.