दुखायचं थांबलेला अंगठा

बाकावर उभं राहून बसचालकाने चप्पल काढली आणि उजवा पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. दवाखान्यातली गर्दी पार जिन्यापर्यंत गेली होती. मागच्यांनी टाचा उंचावल्या, पुढचे वाकून बघू लागले. अंगठा गुलाबी, गुबगुबीत, ठणठणीत होता.

"हाच अंगठा," चालक म्हणाला, "कोळशासारखा काळा होता. तिकडे फोटो आहे, बघून घ्या."

भिंतीवर चौकटीत दोन फोटो होते. एकात काळाठिक्कर अंगठा, दुसऱ्यात हा गुलाबी. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'गँगरीन बरं. सुरी नाही, रक्त नाही.'

टेबलामागे मोतीवाले डॉक्टर बसले होते. त्यांच्या होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांना ते स्वतःच 'माझे मोती' म्हणत, म्हणून गावभर हेच नाव पडलं होतं.

"गँगरीन म्हणजे काय?" त्यांनी हात पसरून विचारलं. "शरीराचा रुसवा. घरात कुणी रुसलं तर त्याला आपण कापतो का? समजूत काढतो. माझा मोती जिभेवर विरघळतो आणि पायापर्यंत निरोप जातो. आता लक्षात ठेवा, आधी त्रास वाढेल. वाढला तर समजा, औषध लागू पडलं. मग त्रास कमी होईल. तेव्हाही समजा, औषध लागू पडलं."

लोकांनी माना डोलावल्या. दारात उभ्या असलेल्या थोरलीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. ती घरातली थोरली मुलगी, सरकारी रुग्णालयात सर्जन होती. असे काळे पडलेले पाय ती रोज बघायची आणि त्यातले किती पाय थोडे आधी आले असते तर वाचले असते, हे तिला पाठ होतं. आज ती इथे आली होती ते स्वतःच्या बापाला उठवून न्यायला. अप्पा दुसऱ्या बाकावर, पायात मोजा घालून, शाळेतल्या पोरासारखे लक्ष देऊन ऐकत होते.

"अप्पा, चला."

"नंबर जवळ आलाय माझा."

"अप्पा, पाय घेऊन इथे बसायची ही वेळ नाही."

मोतीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलगी का? सर्जन आहात म्हणे. ज्याच्या हाती कात्री, त्याला सगळीकडे कापडच दिसणार."

गर्दी हसली. अप्पा शिंपी, त्यामुळे त्यांना तर ही कोटी फारच आवडली.

अप्पांना साखरेचा आजार जुना. पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदत आल्या होत्या. चालताना पोटरी धरायची, थोडं थांबलं की सुटायची. शिलाई मशीनचं पायडल मारून दमलो असेन, असं म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. मग डाव्या अंगठ्याच्या टोकाला काळा डाग आला आणि वेदना अशी की पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय डोळा लागत नसे. थोरलीने तपासलं त्याच दिवशी सांगितलं, "रक्तवाहिनी मोकळी करू या. अंगठा जाईल, पण पाऊल राहील. वाट बघितली तर पाऊलही जाईल."

"कापड एकदा कापलं की कितीही सफाईने जोडा, शिवण दिसतेच," अप्पा म्हणाले. "आधी न कापता काय होतंय ते बघू."

आईने त्यांचीच बाजू घेतली. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी. त्या चालकाचा अंगठा मी डोळ्यांनी बघितलाय."

धाकटा भाऊ तर समेट घडवायला निघाला. "ताई, थोडे दिवस गोळ्या घेऊ दे की. गोळ्यांनी नुकसान तर नाही ना होत?"

"गोळ्यांनी नाही होत," ती म्हणाली. "थोडे दिवस गेल्याने होतं."

पण तिचं घरात कोण ऐकणार? परक्या रुग्णांचे नातेवाईक तिच्या शब्दावर सही करत. घरात ती अजून 'अगं, तुला काय कळतंय' होती.

गोळ्या सुरू झाल्या आणि खरोखरच चमत्कार घडला. अंगठ्याची वेदना थांबली. आईने शेजारपाजारी सांगितलं. मोतीवाल्यांनी अप्पांना बाकावर उभं करायची तयारी केली. थोरली घरी आली तेव्हा अप्पा खुशीत होते.

"बघ, कालपासून ठणका नाही. आता बोल."

 तिने शिलाईच्या टाचण्यांच्या उशीतली एक टाचणी पुसून घेतली आणि ती म्हणाली, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तिने पोटरीवर हलकेच टोचलं. "आई गं," अप्पा म्हणाले. घोट्याजवळ टोचलं. "लागतंय थोडं." मग ती अंगठ्यावर टोचत राहिली. अप्पा डोळे मिटून वाट बघत बसले.

"टोच की."

"टोचतेय, अप्पा."

त्यांनी डोळे उघडले. टाचणी अंगठ्यात उभी होती.

"वेदना बरी झालेली नाही," ती म्हणाली. "वेदना सांगणारी नस मेलीय. अंगठा मेलाय. मेलेलं दुखत नाही."

 अप्पांनी ती उपसून परत टाचण्यांच्या उशीत खोचली. "तू मुद्दाम जिथे लागत नाही तिथे टोचलंस," ते म्हणाले.

त्या वाक्यावर ती उठून बाहेर गेली आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहिली. रडू येत नव्हतं. भिंत फोडावीशी वाटत होती. याहून सोपं, याहून स्वच्छ ती काय दाखवू शकत होती?

पुढे अंगठ्याच्या मुळाशी ओल आली. वास सुटला. मोतीवाले म्हणाले, "घाण बाहेर पडतेय, पडू द्या." पाऊल सुजलं. ते म्हणाले, "रोग जागा सोडतोय." अंगात ताप भरला, अप्पा असंबद्ध बडबडू लागले, तेव्हा आईने मोतीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आता रुग्णालयात न्या, माझी हरकत नाही."

हरकत नाही म्हणे.

जंतू रक्तात उतरले होते. अंगठ्यापुरतं भागणारं नव्हतं, पाऊलही राहणारं नव्हतं. थोरलीने स्वतः सुरी धरली नाही, तिच्या वरिष्ठांनी धरली. ती बाहेर आईजवळ बसली होती. गुडघ्याखालून पाय गेला, अप्पा वाचले.

अप्पा शुद्धीवर आल्यावर ती तडक मोतीवाल्यांच्या जिन्याकडे गेली. वर तीच गर्दी, तेच फोटो. तपासून घ्यायला आलेले लंगडत जिना चढत होते. चालक आजही बाकाशेजारी होता. ती सरळ त्याच्यापाशी गेली.

"दादा, एक विचारू? तुमचा अंगठा काळा कशाने झाला होता?"

"चाक बदलताना लोखंडी पाना पडला त्याच्यावर," चालकाने मोकळेपणाने सांगितलं.



"म्हणजे नखाखाली रक्त साकळलं. साखरेचा आजार आहे तुम्हाला?"

"नाही बुवा."

"ते रक्त आपोआप जिरतं आणि काळं नख वाढत वाढत पुढे जाऊन गळतं. गोळी घ्या, नाही तर घेऊ नका. डॉक्टरांना पान्याचं सांगितलं होतं?"

चालकाने मोतीवाल्यांकडे पाहिलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, कारण महत्त्वाचं नाही." त्याने खाली बघत चप्पल पायात सरकवली. "मी खोटं नाही बोललो, ताई. अंगठा काळा होता, बरा झाला. गँगरीन ते म्हणाले."

"हा माझ्या दवाखान्यात गोंधळ आहे," मोतीवाले म्हणाले. "तुमच्या लोकांनी घाईने वडिलांचा पाय कापला. मी वाचवत आणला होता."

"मग एवढंच सांगा. दुखणं वाढलं तर औषध लागू पडलं. अंगठा मेल्यामुळे थांबलं, तरी लागू पडलं. पू आला तर घाण बाहेर पडली. तुमचं औषध लागू पडलं नाही, हे रुग्णाने कशावरून ओळखायचं?"

 "श्रद्धा हवी," मोतीवाले म्हणाले.

"रक्तवाहिनी चोंदलीय. तिला श्रद्धा कळत नाही."

"पण गोळ्यांत काहीतरी असेलच ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"शाईचा थेंब बाटलीभर पाण्यात टाका," थोरली म्हणाली. "त्यातला एक थेंब दुसऱ्या बाटलीत, त्यातला तिसऱ्या. असं करत राहिलात तर शेवटच्या बाटलीने एक अक्षर लिहिता येईल? त्या शेवटच्या पाण्यात भिजवलेली ही साखर आहे."

तिला वाटलं होतं, खोली रिकामी होईल. तसं काही झालं नाही. काही लोक कुजबुजत उठले, बरेचसे नंबर जाईल म्हणून बसून राहिले. एक आजोबा तर तिलाच म्हणाले, "बाई, आम्हाला आमचं ठरवू द्या." ती जिना उतरली. सगळं उघड करून दाखवलं, तरी माणसं बसूनच.

तिच्या मागोमाग एका पाववाल्याची बायको लंगडणाऱ्या नवऱ्याला घेऊन जिना उतरून आली. "याला दुखायचं थांबलंय म्हणून आम्ही खूश होतो," ती नवऱ्याचा हात घट्ट धरून म्हणाली. "आत्ताच घेऊन चला."

पाववाल्याची रक्तवाहिनी मोकळी केली, एक बोट काढलं. काही दिवसांनी तो वॉर्डात हळूहळू फिरू लागला. अप्पा खाटेवरून त्याच्याकडे बघत राहत. एकदा त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं.

"त्याचं बोट किती काळं होतं?"

"तुमचा अंगठा सुरुवातीला होता तेवढंच."

"मग तो चालतोय कसा?"

ती त्यांच्या पायाची पट्टी तपासू लागली. अप्पांनी तिचा हात धरला. "सांग."

"तो वेळेत आला, अप्पा."

अप्पांनी पांघरूण वर ओढलं. ते जिथे सपाट होतं, तिथे हात फिरवला. मग म्हणाले, "टाचणी मी माझ्या हाताने उपसली होती. तुझं खरं आहे हे कळलं होतं मला. पण खरं ऐकलं असतं तर अंगठा कापावा लागला असता ना."

भीती माणसाला अशीच गोड थापेच्या दारात नेऊन बसवते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा: तुझं चुकलं, हे आम्ही कशावरून ओळखायचं? उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा. आणि पाय काळा पडत असेल, तर हा प्रश्न विचारायलाही थांबू नका. आधी रुग्णालय गाठा.