तपासलेला जोड

“अहो बाई, चाळीस तर सह्या. चहा निवायच्या आत होतील,” म्हणत प्राचार्यांनी यादी पुढे सरकवली.

यादीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावासमोर एकच वाक्य छापलेलं होतं : ‘जोड तपासला, पक्का आहे.’

“तपासला कुणी?” बाईंनी विचारलं.

“प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिला की! वरून आलेल्या साहेबांनी तर हात फिरवला. आरशासारखा आहे म्हणाले.”

“ग्राइंडर मारला की आरसा होतो, सर. जोड होत नाही.”

या संस्थेत बाई सव्वीस वर्षं वेल्डिंग शिकवत होत्या. आधी अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. मग कारखाने ओरडायला लागले की कारागीर मिळत नाहीत, आणि वरच्यांनी उपाय काढला : दोन वर्षांचे तीन महिने करा. वेल्डिंगचे रॉड माणशी दिवसाला दोन. उरलेला वेळ पडद्यासमोर बसायचं आणि दुसरा कुणी वेल्डिंग करतोय ते बघायचं. पोहायला शिकवायचं तर काठावर बसवून, तसला हा प्रकार.

मुलं काही खुळी नव्हती. रॉड पुरेना, तेव्हा त्यांनी वितळलेलं लोखंड दोन प्लेटांमधल्या फटीच्या तोंडावरच पसरायला आणि वरून घासून चमकवायला सुरुवात केली. वर साय, खाली नुसतं पाणी. बाई रागावल्या, पण त्याच प्लेटा प्रदर्शनात मखमलीवर मांडल्या गेल्या. मग बाईंचं कोण ऐकतो?

“ही मुलं कारखान्यात गॅसच्या टाक्या बनवायला चाललीत, सर. एखादी टाकी फुटली म्हणजे?”

“तुम्ही ना, फार ताणता. चारला गाडी येतेय. शिकतील तिथं गेल्यावर.”

“तिथं शिकवणारे असते, तर त्यांनी आपल्याकडे माणसं मागितली असती का?”

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी यादी उचलली आणि तरातरा वर्कशॉप गाठलं.

बाईंचा एक जुना नियम होता. परीक्षेच्या दिवशी ज्यानं त्यानं आपला जोड आपल्याच हातानं तोडून बघायचा. प्लेट शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळायची आणि हातोडा घालायचा. पक्का जोड वाकतो, पण सुटत नाही. तीन महिन्यांच्या वेळापत्रकात हा दिवसच गळला होता.

“आपापल्या प्लेटा घ्या,” बाई म्हणाल्या. “वहिनी, तू ये आधी.”

वहिनी पस्तिशीची. दोन मुलं सासूवर सोपवून शिकायला आलेली. बाकीची सगळी विशीच्या आतबाहेरची, म्हणून ती सगळ्यांची वहिनी.

“आज नको ना, बाई. चांगली दिसतेय की.”

“दिसतेय. मार.”

वहिनीनं हातोडा घातला. पहिल्याच घावात प्लेटीचे दोन तुकडे झाले. बाईंनी एक तुकडा उजेडात धरला. कडेवरच्या करवतीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. लोखंड आत गेलंच नव्हतं.

“माझी बघा, मी नुसतं रागानं बघितलं तरी तुटतेय!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दहाव्या प्लेटीपर्यंत हसू टिकलं. त्यानंतर नुसते घाव ऐकू येत राहिले. चाळीसपैकी दोन प्लेटा वाकल्या, बाकीच्या तुटल्या.

वहिनीनं हातोडा आपटला. “हे आज दाखवताय होय? तीन महिने ‘जमेल, जमेल’ म्हणत होतात! तेव्हाच का नाही तोडायला लावलंत?”

बाईंनी खरं तेवढं सांगितलं. “वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं. चुकलं माझं.”

त्या परत गेल्या, तुटलेली प्लेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आणि यादी सही न करताच परत केली. प्राचार्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी संगणकाच्या सरांना बोलावलं. पडद्यावरचे तास तेच घेत.

“बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही हो,” सर खाली मान घालून म्हणाले, “पण नाही कसं म्हणू?” आणि चाळीस सह्या ठोकून मोकळे झाले.

चारला गाडी आली. छापील प्रमाणपत्रं वाटली गेली. मुलं खिडक्यांच्या जागांसाठी भांडू लागली. वहिनी मात्र पिशवी खांद्याला लावून वर्कशॉपमध्ये आली.

“बाई, मला खरं लिहून द्या.”

“काय खरं?”

“मला काय येतं नि काय येत नाही ते. कुणाच्या तरी हाताखाली ठेवा म्हणेन त्यांना.”

“अगं, मग हेल्पर म्हणून घेतील. वेल्डर म्हणून नाही.”

“ते माझं मी बघते. तुम्ही लिहा.”

बाईंनी वहीचं पान फाडलं आणि ऐरणीवर ठेवून लिहिलं : ‘हिचा हात स्थिर आहे. सपाट जोड घालते, पण मुळापर्यंत पोचत नाही. उभा जोड येत नाही. टाकीवर हिला एकटीला लावू नये. शिकवल्यास येईल.’ खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. वहिनी वाकायला गेली, बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. “जा. गाडी सुटेल.”

गाडी आवारात वळली, तेव्हा ती शेवटच्या खिडकीत दिसली. मांडीवर दोन्ही कागद होते. तिथं पोचल्यावर ती कोणता पुढे करील, हे बाईंना कधी कळणार नव्हतं. आत्ता ती हातानं लिहिलेला वाचत होती, सावकाश, ओठ हलवत.