खोडव्याचं पाणी

उजनी धरणाच्या काठावर मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी गाळाची कड वाळून पांढरी पडली होती, पण खालून अजून ओली होती. पाणी कालपेक्षा आणखी मागे सरकलं होतं.

"पाइप वाढवावा लागंल," बापूसाहेब म्हणाले. "न्हायतर खोडवा जळंल." तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना नुकते कोंब फुटले होते.

त्यांची बायको सिंधुबाई मागे सरकलेल्या पाण्याकडे बघत होत्या. त्यांची धाकटी बहीण द्वारका याच भीमेच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात दिलेली. धरणातून पाणी सुटलं की आधी वीज तयार व्हायची, मग ते तिच्या गावाकडे जायचं. वरच्या मोटारींनी ओढून घेतलं की दोन्ही थांबायचं. गेल्या उन्हाळ्यात द्वारका फोनवर म्हणाली होती, "अक्का, तुमच्या उसाचं पोट भरलं की आमाला बी धाडा थोडी नदी." दोघी हसल्या होत्या. खोडवा ठेवायचा नाही, असं सिंधुबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पण ऊस जोमात होता, आणि त्या बोलल्याच नाहीत.

"द्वारकानं म्हशी विकल्या. लेकाकडं ऱ्हायला चाललीय हुबळीला," त्या आता म्हणाल्या.

"आपली एक मोटार बंद करून तिची नदी भरंल व्हय?"

"न्हाय भरायची."

बापूसाहेब पाइप उचलायला वाकले. दुसरं टोक धरायला सिंधुबाई पुढे येतील, म्हणून सवयीनं थांबले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अवो, ऱ्हाऊ द्या तो पाइप," त्या म्हणाल्या. "खोडवा मोडायचा. औंदा ज्वारी पेरू."