भूत बोललं तर

"भूत बोलणार नाही. बोललंच, तर लाल बटण दाबा," आदिलनं काउंटरवर बजावलं होतं. कुंभिवलीला हायवेलगत त्याची एस्केप रूम. किल्ल्या शोधत बंद खोलीतून बाहेर पडायचा, नवख्यांसाठीचा खेळ, पाऊण तास, चार कुलपं, अंगाला कुणी हात लावणार नाही. घाबरवायची ही यांची रीत, असं म्हणून हर्षला हसली आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवला. आठ महिन्यांचं बाळ सासूबाईंजवळ होतं. जीव तिकडंच टांगलेला.

आत अंधार, ऊदाचा वास, भिंतीवर रक्ताळलेले पंजे. कपाटाचं दार करकरलं आणि पांढऱ्या लुगड्यातली, केस सोडलेली बाई डोकावली. नणंद प्रिया किंचाळून भावामागं, निलेशमागं दडली. तिसऱ्या कुलपापाशी सगळे अडले, तेव्हा कपाटातून बारीक आवाज आला, "पानी हाय का गं, बाय?"

"क्लू दिला बघ," म्हणत निलेश कोपऱ्यातल्या मडक्याकडं धावला. मडक्यात खरंच किल्ली निघाली.

हर्षलाचा हात बटणाजवळ गेला होता. आवाज खेळातला वाटेना. आणि खेळातला नसेल तर किल्ली कशी सापडली?

"झाले तुझे भास सुरू," निलेश म्हणाला. "मिक्सर लावला तरी तुला बाळ रडतंय वाटतं."

तेही खरंच होतं. तिनं हात मागं घेतला.

बाहेर सगळे फोटो काढत असताना तिनं आदिलला पाण्याच्या क्लूबद्दल विचारलं. त्याचा चेहरा उतरला. असा क्लूच नव्हता. मडकं भिंतीवरच्या चित्रावरून ओळखायचं होतं. तो मागच्या दाराकडं पळाला, ती त्याच्यामागं.

ठाकरवाडीवरची जना कपाटात भिंतीला टेकून बसली होती. आतल्या पंख्याची पिन निसटून तो बंद पडलेला, तोंडाचा पांढरा रंग घामानं गळ्यावर ओघळलेला. मधेच बाहेर आलं तर लोकांचा खेळ मोडतो, म्हणून बसून राहिली होती. हर्षलानं बाटली तिच्या ओठांना लावली.

पाणी पिऊन जनानं विचारलं, "बटन का नाय दाबलंस?"

राग नव्हता त्यात.

आदिल म्हणाला, आज बस झालं, घरी जा. "मानसं आलीत ना," जना म्हणाली. "पंखा तेवढा लाव." तिनं आरशात बघून तोंड पुन्हा पांढरं केलं, केस सोडले आणि कपाटात शिरून दार आतून ओढून घेतलं.

काउंटरवरच्या अभिप्रायाच्या वहीत हर्षलानं लिहिलं, 'खेळ छान, भीती बेताची. कपाटातल्या बाईंचं नाव जना. आत गेलात की आधी दारावर टकटक करून विचारा, बरं आहे ना? त्यांनी पाणी मागितलं तर किल्ली शोधू नका. लाल बटण दाराच्या डावीकडं आहे.'