पितृपक्षाच्या आत

"अजून काहीच नाही?"

सकाळचे साडेआठही वाजले नव्हते आणि ऋताला हा प्रश्न तिसऱ्यांदा ऐकावा लागत होता. पहिल्यांदा सासूबाईंनी चहा देताना विचारला, मग पुण्याच्या आतेसासूबाईंनी फोनवर, आणि आता शेजारच्या जयमालाकाकूंनी दारातूनच.

"नाही काकू. असतं तर इथे कशाला उभी राहिले असते?" ऋताने हसायचा प्रयत्न केला. तो काही साधला नाही.

"अगं, अननस खा. माझ्या भाचीने दुपारी खाल्लं आणि संध्याकाळी ॲडमिट!"

ऋताने मान हलवली. गेले दोन दिवस ती अननसच खात होती. जीभ सोलवटून निघाली होती, पण पोटातल्या बाळाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

डॉक्टरांनी दिलेली तारीख होती रविवारची. आज मंगळवार. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती नेरुळच्या या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंकडेच राहिली होती. वैजयंतीबाई वाईट नव्हत्या. सुनेच्या पायाला सूज आली तर गरम पाण्याचं घमेलं स्वतः उचलून आणणाऱ्या होत्या. पण रविवार उलटला आणि त्यांचा धीर सुटला. कारण उद्या अनंत चतुर्दशी होती आणि शुक्रवारी पितृपक्ष लागत होता.

"त्या पंधरवड्यात नको गं बाई," त्या दर तासाने म्हणत. "साधी चप्पल विकत घेत नाही आपण तेव्हा. आणि घरात पहिलं मूल!"

मग उपायांचा मारा सुरू झाला. लिफ्ट बंद, पाच मजले जिन्याने. फरशी वाकून पुसायची. दुपारी ओव्याचा काढा. कच्ची पपई. 'उकिडवी बसून चाल,' असं कोणीतरी मोबाइलवर पाठवलेलं, तेही झालं. ऋता वाशीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई. पण इथे तिच्याच शरीराबद्दल सगळे बोलत होते आणि तिला कोणी विचारत नव्हतं. जणू बाळ तिने मुद्दाम अडवून धरलं होतं!

संध्याकाळी निखिल न्हावा शेव्याहून आला. तो कस्टम्स एजंटच्या ऑफिसात होता, आणि सणासुदीला बंदराला कसली सुट्टी! त्याने शूज काढेपर्यंतही ऋताला धीर निघाला नाही.

"निखिल, आई उद्या एरंडेल देणार आहेत. तू बोल त्यांच्याशी. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? एक्केचाळीस आठवडे होईपर्यंत वाट बघू. तू होतास ना तिथे?"

"हो गं, होतो." तो सोफ्यावर टेकला. "पण प्रेमापोटीच करते ना ती? आमच्याकडे सगळ्यांना दिलंय एरंडेल. पिऊन टाक, विषय संपेल. उगाच टेन्शन नको घेऊस."

विषय संपेल! ऋताला ओरडावंसं वाटलं. पण भांडायला लागणारी ताकदही तिच्यात उरली नव्हती. रात्रभर कूस बदलता येत नाही, दिवसभर उत्तरं देता येत नाहीत. मग तीही मनाशी म्हणाली, होऊन जाऊ दे एकदाचं!

बुधवारी सकाळी उपाशीपोटी, गरम दुधातून, तिने ते एरंडेल नाक दाबून प्यायलं.

नऊ वाजता पोटात मुरडा आला. वैजयंतीबाईंचा चेहरा उजळला. "बघ! सुरू झालं!"

पण सुरू झालं ते वेगळंच. अकरापर्यंत ऋता सहा वेळा संडासात जाऊन आली. मग उलट्या. घोटभर पाणी घेतलं तरी तेही बाहेर. बारा वाजता ती बाथरूमच्या दाराला टेकून बसली. ओठ कोरडे पडले होते.

"कळाच आहेत गं या, सहन कर थोडं," सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

"आई, या कळा नाहीत." ऋताने पोटावर हात ठेवला होता. "मघापासून बघतेय. बाळ हलत नाहीये."

"झोपलं असेल."

"रोज या वेळेला लाथा मारतं ते! आई, तुमच्या पाया पडते, निखिलला फोन करा. नाहीतर मी एकटी रिक्षाने जाते."

त्या आवाजाने वैजयंतीबाई हादरल्या. निखिलला फोन लावला आणि त्याची वाट न पाहता दोघी रिक्षात बसल्या. रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुका सुरू झाल्या होत्या. ढोल, गुलाल, बंद केलेले चौक. दहा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली. ऋता दोन्ही हात पोटावर धरून डोळे मिटून बसली होती आणि वैजयंतीबाई रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "दादा, जरा मधून काढा ना! पोटुशी बाई आहे हो!"

प्रसूतिगृहात शेवंताबाई ड्यूटीवर होत्या. जवळच्याच शिरवणे गावच्या आगरी बाई, तीस वर्षं नर्स. आता सगळ्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी ऋताला सलाईन लावली, पोटाला ठोके मोजायचा पट्टा बांधला आणि एकच प्रश्न विचारला.

"बाय, काय पिलीस?"

ऋताने सासूबाईंकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं नको बघू. मला सांग."

"एरंडेल."

शेवंताबाईंनी बटण दाबलं. मशीन खरखरलं. क्षण गेला, दोन गेले. आणि मग तो आवाज आला, धावत्या घोड्यासारखा. धडधड, धडधड!

"ठोके हायत," शेवंताबाई म्हणाल्या. "पन जरा जास्तीच पळतायत. आईच्या अंगातलं पानी गेलं की बाळाची पन धावपळ व्हते."

डॉक्टरांनी तपासलं. कळा नव्हत्याच, आतडी ढवळून निघाली होती, एवढंच. दुसरी सलाईन अर्धी गेल्यावर ठोके शांत झाले, आणि थोड्या वेळाने बाळाने आतून एक सणसणीत लाथ मारली. ऋता रडायलाच लागली.

तेवढ्यात निखिल घामाघूम होऊन पोचला. शेवंताबाईंनी त्याला आणि त्याच्या आईला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"सिस्टर, मी तिचं वाईट व्हावं म्हणून नाही हो दिलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तारीख उलटली होती. आणि चालणं, जिने चढणं, हे तर डॉक्टरही सांगतात की!"

"चालू द्या ना! तिला बरं वाटंल तेवढं चालू द्या. खजूर आवडत असंल तर खाऊ द्या, झोपू द्या. बाळ यायला तयार असंल तर तेवढ्यानं मदत व्हईल. तयार नसंल तर दहा मजले चढवा, काय उपेग नाय. तारीख म्हंजे अंदाज हो ताई. शंभरात चार-पाच जनींचंच पोर नेमकं त्या दिवशी येतं."

"पण जास्तच उशीर झाला तर?"

"तर आमी हाव ना! दिवस फार चढू द्यायचे नाय, तेबी खरंच हाय. डॉक्टर तपासतील, गरज पडली तर इथं, मशीनसमोर, कळा आनतील. घरी चमच्यानं नाय! शिरवण्यात माझी आजी सुईन होती. तिनं पन कंच्या बाईला कदी घाई केली नाय."

वैजयंतीबाई खाली मान घालून म्हणाल्या, "पितृपक्ष लागत होता..."

"पितृपक्षात पितर घरी येतात म्हनता ना? मग आपल्याच वंशाचं लेकरू बघून त्यांना राग यील का आनंद व्हईल?"

वैजयंतीबाई निखिलकडे न बघताच बोलल्या.

"तू नऊ दिवस उशिरा झालास. तुझी आजी म्हणायची, पोटात धोंडा घेऊन बसलीय. मी मोरीत नळ सोडून रडायचे, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि आज... आज मी तेच केलं रे!"

निखिलने आईचा हात धरला. "तू एकटीने नाही केलंस. मी पिऊन टाक म्हणालो होतो."

तो आत गेला. ऋताजवळ बसून, तिचा हात धरून म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं, तरी मी गप्प राहिलो. माझी चूक झाली."

"झालीच," ऋता म्हणाली. तिने त्याला एवढ्यात माफ केलं नाही. पण हात सोडवूनही घेतला नाही.

गुरुवारी ती घरी आली. वैजयंतीबाईंनी तिचा फोन स्वतःकडे घेतला आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: "बातमी असली की आम्हीच कळवू." जयमालाकाकूंना दारातच थांबवून सांगितलं, "ती झोपलीय. झोपू दे तिला." ऋता सकाळ-संध्याकाळ बागेत रमतगमत दोन फेऱ्या मारी, पोटभर जेवी, बाळाच्या लाथा मोजून ठेवी. एवढंच.

शनिवारी सकाळी, पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी, कळा सुरू झाल्या. न बोलावता, आपणहून! संध्याकाळी शेवंताबाईंच्या हातात मुलगी रडली. तीन किलो दोनशे ग्रॅम, आणि आवाज तर असा की सगळा वॉर्ड जागा!

वैजयंतीबाईंनी नातीला छातीशी धरलं आणि पुण्याला नणंदेला फोन लावला. पलीकडून काळजीचा सूर आला, "अगं पण या दिवसांत..."

"आक्का," त्या ठामपणे म्हणाल्या, "आमच्या घरात याहून चांगला दिवस उजाडलेला मला आठवत नाही."

वाचकहो, आपल्या ओळखीत आज कोणीतरी ऋता असेल. दिवस भरलेली, थकलेली, वाट पाहणारी. तिला उपाय पाठवण्याआधी क्षणभर थांबा. तिच्या पोटात काय घालायचं हे शेजार, सोसायटी किंवा पंचांग ठरवणार नाही; ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील. अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि यातलं काहीच नसेल, तर तिला निवांत राहू द्या. आई होणाऱ्या बाईला आपण देऊ शकतो अशी सर्वांत मोठी मदत आहे आपला धीर. तो आपण सोडला, तर त्याची किंमत तिला आणि तिच्या बाळाला मोजावी लागते!