चुलीपर्यंत

सातपूरच्या नव्या कॉलनीत बोरस्ते आणि पगारे शेजारी झाले ते चिठ्ठ्यांमुळे. सोसायटीनं परातीत कागदाचे बोळे टाकले, एका पोरीनं ते उचलले आणि कुणाच्या शेजारी कोण राहणार हे ठरून गेलं. गोरक्ष बोरस्ते कारखान्यात स्टोअरकीपर होता. जयराम पगारे पाटबंधारे खात्यात कारकून. दोघांनी एकच गवंडी लावला, त्यामुळे दोन्ही घरांच्या खिडक्या सारख्याच तिरप्या बसल्या.

मधे कुंपण नव्हतं. इकडची कोंबडी तिकडे जायची, तिकडचा कागद इकडे उडायचा, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. बायकाही फारशा बोलत नव्हत्या. गोरक्षची बायको मैना आणि जयरामची बायको विमल एकमेकींना पाहून हसायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. मैनाच्या मुलीच्या बारशाला विमल एकदाच त्या घरी गेली होती. तिला ओट्यावर सतरंजी टाकून दिली होती. बाकीच्या बायका आत. चहा आला तो वेगळ्या कपबशीत, आणि नंतर ती कपबशी ओट्यावरच्या कोनाड्यात जाऊन बसली. ही सगळी व्यवस्था बारशासाठी गावाहून आलेल्या गोरक्षच्या आईची, सगुणाबाईंची. पगाऱ्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो पाहिला त्या दिवसापासून त्यांनी मनात एक रेघ आखली होती.

पुढे सगुणाबाई विंचूरहून लेकाकडे कायमच्या राहायला आल्या त्या शेळी घेऊनच. "दारात जनावर नसलं तर मला घर वाटत नाय," असं त्यांचं म्हणणं. शेळी आठवडाभर दाव्याला शहाण्यासारखी राहिली. मग एका सकाळी दावं सोडवून ती पगाऱ्यांच्या अंगणात गेली आणि जयरामचे गुलाब खाऊन आली.

जयरामला गुलाबाचं वेड. ऑफिसला जाण्याआधी एकेका रोपाशी वाकून त्याची चौकशी करायचा. त्या दिवशी खराटे उरलेले बघून तो तसाच, इस्त्रीच्या शर्टात, बोरस्त्यांच्या दारात गेला.

"तुमच्या शेळीनं माझे गुलाब खाल्ले."

"काटे व्हते ना त्याला?" सगुणाबाईंनी विचारलं. "मंग खाल्ले कसे?"

यावर गोरक्षला हसू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर पडलं. शेळीला जयरामनं माफ केलं असतं. ते हसू त्याला माफ करता येईना. पुढच्याच आठवड्यात लोखंडी अँगल आले, काटेरी तार आली. गोरक्ष टेप घेऊन उभा राहिला आणि हद्द अर्धा फूट आत येतेय म्हणून हटून बसला. शेवटी कुंपण निम्मं जयरामच्या म्हणण्याप्रमाणे आणि निम्मं गोरक्षच्या म्हणण्याप्रमाणे झालं, म्हणजे मधोमध कोपरात मोडल्यासारखं वाकडं. तेव्हापासून दोन्ही पुरुषांचं बोलणं बंद झालं.

बायकांचं मात्र सुरू झालं.

उघड्या अंगणात बोलायला नेमकं कुठं थांबायचं हेच कळत नसे. आता थांबायला जागा झाली. मैना धुणं वाळत घालायला तारेशी यायची, विमलही यायची. काट्यांत ओढणी अडकली, पदर अडकला की एकमेकींनी सोडवून द्यायचा, आणि सोडवता सोडवता बोलणं व्हायचं. कारखान्यातल्या बढत्या, रॉकेलची रांग, विमलच्या भावाचं जमत नसलेलं लग्न. मग तारांमधून वाट्या जायला लागल्या. इकडून मेथीची भाजी, तिकडून सुक्या बोंबलाची चटणी.

ही चटणी सगुणाबाईंना आवडली. इतकी, की एके दिवशी मैना घरात असताना त्या स्वतःच तारेशी गेल्या आणि विमलच्या हातून वाटी घेऊन आल्या. मैना बघतच राहिली.

"बघती काय?" सगुणाबाई म्हणाल्या. "म्या माझ्या दारात उभी व्हते. तिच्या घरी थोडीच गेले?"

असं वर्षभर चाललं. मग शेळीच तारेत अडकली. पलीकडे नवे गुलाब लागले होते, तिनं मान घातली आणि शिंगांसकट गुंतली. रविवार होता. ओरडणं ऐकून दोघं पुरुष दोन्ही बाजूंनी धावले.

"पाय धरा," जयराम म्हणाला.

"धरले. तुम्ही शिंग वळवा. तसं नाही, खाली."

वर्षभरात ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते. शेळी सुटेपर्यंत दोघांचे हात ओरबाडले, शर्ट फाटले. जयरामनं घरातून हळद आणून शेळीच्या कानाला लावली. गोरक्ष बघत होता. "पगारे," तो म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"काटे होते, मग खाल्ले कसे," जयराम म्हणाला, आणि आता तोच हसला.

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा झाला आणि तिथेच दोघांनी कुंपण काढायचं ठरवलं. येताना पक्कड घेऊनच आले. आपण काही मोठं करतोय असं दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. गोरक्षनं पहिल्या तारेला पक्कड लावली, तेवढ्यात विमल बाहेर आली.

"तार राहू द्या."

"अगं, आमचं मिटलंय," जयराम म्हणाला.

"तुमचं मिटलं. कुंपण काढल्यावर मी मैनाशी बोलायला कुठं जायचं? ओट्यावर?" विमलचा आवाज चढला नव्हता. "माझी कपबशी अजून त्यांच्या कोनाड्यात आहे. त्यापेक्षा इथं बरं. ती तिच्या दारात, मी माझ्या दारात. कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

गोरक्षला कपबशीचं काही माहीत नव्हतं. रोज त्याच ओट्यावर बूट घालायचा, पण कोनाड्याकडे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आईकडे बघितलं. सगुणाबाई शेळीचा कान तपासत होत्या, फार बारकाईनं. जयरामनं त्याच्या हातातली पक्कड घेतली, खिशात घातली, आणि बायकोच्या मागोमाग घरात गेला. मग त्यानं चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी बोरस्त्यांच्या घरात मायलेकांचं वाजलं. "मला शिकवू नको," एवढंच सगुणाबाई म्हणत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा होता. विमलला तो तारेपासून दिसला. चटणीची वाटी नेहमीसारखी गेली.

चैत्र लागला आणि सगुणाबाईंनी कुरडयांचा घाट घातला. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक तयार झाला. गॅसवर चीक बिघडतो म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांनी मातीची चूल घालून घेतली होती, त्यावर मोठं पातेलं चढलं. हे काम दोघींचं. एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं न थांबता हाटायचा. हात थांबला की गाठी, आणि गाठी झाल्या की वर्षाच्या कुरडयांचं वाटोळं. मैना हाटत होती. निम्मा चीक पडला असेल, तेवढ्यात वाफेनं तिचं मनगट भाजलं आणि दांडा हातातून सुटला. पुरुष कामावर गेलेले. सगुणाबाई मागच्या दारात आल्या.

"विमल, ए विमल. मैनाचा हात भाजला. चीक लागायला आलाय, लवकर ये."

विमल कपडे पिळत होती. "मावशी, मधे तार आहे."

"मंग रस्त्यानं ये. पुढच्या दारानं."

"कुठपर्यंत येऊ?"

सगुणाबाई थांबल्या. आतून करपल्याचा वास यायला लागला होता.

"चुलीपर्यंत ये, बाई," त्या म्हणाल्या. "आता काय नकाशा काढून देऊ?"

विमलनं हात पुसले, चपला घातल्या आणि रस्त्यानं वळसा घालून आली. धावली नाही. ओट्यावर तिचा पाय आपोआप अडला. मग ती पुढची खोली, मधली खोली ओलांडून आत गेली. त्याच स्वयंपाकघरात भिंतीला देव्हारा होता. सगुणाबाईंची नजर देव्हाऱ्याकडे गेली, विमलकडे गेली, आणि पातेल्याकडे गेली. पातेलं रटरटत होतं. त्यांनी विमलच्या हातात दांडा दिला.

विमलनं पदर खोचला आणि हाटायला घेतलं. सगुणाबाई ओतत होत्या, मैना हाताला तेल लावून कोपऱ्यात बसली होती आणि "अजून, अजून" म्हणत होती. चीक घट्ट झाला, पारदर्शक झाला, एकही गाठ राहिली नाही. विमलचा चेहरा घामानं भिजला होता.

"मावशी, पाणी द्या."

सगुणाबाईंचे दोन्ही हात सोऱ्या भरण्यात गुंतलेले. "माठ तिथं हाय. घे की."

विमल माठाशी गेली. ओगराळं बुडवलं, पेला भरला, प्यायली. आणखी एक भरून मैनाला दिला. मैनानं तो घेतला आणि सासूकडे न बघता संपवला. सगुणाबाई सोऱ्या भरत होत्या, त्यांनी एवढंच म्हटलं, "माठावर झाकण ठेव, राख उडती."

"ठेवलं. चिकात मीठ कमी वाटतंय, मावशी."

"पन्नास वर्सं कुरडया करतेय मी."

दुपारभर तिघींनी गच्चीवर कुरडया घातल्या.

जयराम संध्याकाळी आला तर घराला कुलूप, आणि बायकोचा आवाज बोरस्त्यांच्या गच्चीवरून. तो खाली उभा राहून वर बघत राहिला. "किल्ली टाकू का?" विमलनं वरून विचारलं. "नको," तो म्हणाला, "चालू दे तुझं." आणि स्वतःच्या पायरीवर जाऊन बसला.

त्यानंतरच्या रविवारी विमलनंच गोरक्षला हाक मारली. "भाऊजी, या आता. ती पक्कड आमच्याकडंच आहे." तारा निघाल्या. अँगल काही निघेनात, गवंड्यानं आयुष्यात तेवढं एकच काम पक्कं केलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिल्या कुरडया तळल्या. फुलल्या अशा की ताटात मावेनात, आणि चवीला अगदी अळणी. "हाटणारीनं मीठ तळाशी राहू दिलं," सगुणाबाई म्हणाल्या. "टाकणारीनं टाकलंच नाही," विमल म्हणाली. हा वाद वर्षभर चालला, कधी या स्वयंपाकघरात, कधी त्या.

पुढच्या चैत्रात मीठ विमलनं टाकलं. कुरडया इतक्या खारट झाल्या की तोंडात धरवेनात. सगुणाबाईंनी डबा काखेत मारला आणि सगळ्या कॉलनीत वाटून आल्या. प्रत्येक दारात थांबून सांगत होत्या, "घे बाई, खाऊन बघ. आमच्या घरच्याच हायेत, पण मीठ पगारेबाईच्या हातचं."